काजळीचा कोनाडा

राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि आमचं बिऱ्हाड भोपाळला आलं. हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. सरकारी घरं अजून बांधून व्हायची होती, म्हणून तलावाजवळ भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात आधीच्या बिऱ्हाडाच्या दिव्याची काजळी होती. मी घासघास घासली, पण जाते कसली! परक्याच्या काजळीत माझे देव बसायचे नाहीत, असं म्हणून त्यांनी देव पेटीतच ठेवले. झाकण उघडून पूजा करायची, की पुन्हा झाकण बंद. दिवाळी झाली की त्या नागपूरला थोरल्या दिरांकडे कायमच्या जाणार होत्या. ह्यांचा जीव तुटायचा. आणि मला, खरं सांगू, त्यांच्यावाचून करमलं नसतं. भांडायला घरात दुसरं होतं कोण?

त्यात हे मुंबईहून बरण्या भरून समुद्राचं पाणी आणि शिंपल्यांना चिकटलेले, पांढऱ्या नळीत राहणारे किडे घेऊन आले. त्यांच्या अंड्यांतून ठिपक्याएवढ्या अळ्या निघाल्या आणि पाण्यात भिरभिरू लागल्या. त्या एका जागी बसून त्यांचा किडा कसा होतो, हे ह्यांना मुलांना दाखवायचं होतं. त्यासाठी काचेच्या पट्ट्या त्याच पाण्यात भिजत ठेवल्या होत्या. त्यांच्यावर बुळबुळीत थर चढलेला सासूबाईंना दिसला. झालं! हे कॉलेजात गेल्यावर त्यांनी साऱ्या पट्ट्या राखेनं घासून लख्ख केल्या.

लख्ख काचेवर एकही अळी बसेना. काचेपर्यंत यायची, चाचपायची आणि परत फिरायची. सासूबाई भिंग घेऊन बरणीपाशी बसून राहिल्या. चेहरा एवढासा झाला होता. हे रागावले नाहीत, तेच त्यांना जास्त लागलं असावं. ह्यांनी समजावून सांगितलं, की त्या बुळबुळीत बारीक जंतू असतात, त्यांच्या अंगचा रस अळीला लागला की तिला जागा पटते, मग ती बूड टेकते आणि तिचं रूप पालटतं.

"आणि तसं मिळालंच नाही तर?" त्यांनी विचारलं.

"पोहत राहते, आई. दमून मरेपर्यंत. कोऱ्या जागेत तिला राहवत नाही. आधी कुणीतरी राहून गेलेलं लागतं."

सासूबाईंनी स्वतःच पट्ट्या पुन्हा भिजत घातल्या. त्या आठवड्यात त्यांनी मला बरणीच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. मी काय, खाणार होते अळ्या?

एका सकाळी पट्टीवर सुईच्या टोकाएवढ्या पांढऱ्या नळ्या दिसल्या. हे भिंग आईच्या हातात देऊन हसत सुटले. सासूबाईंनी पोटभर पाहिलं, मग उठून स्वयंपाकघरात आल्या. मी सवयीनं राख घेऊन कोनाड्याकडे वळले होते. त्यांनी माझ्या हातातली राख काढून घेतली.

"राहू दे गं ती काजळी," म्हणाल्या. "पेटी इकडे आण."