दौलतच्या कॅमेऱ्याची दोरी

कल्याणच्या दौलतने तीस वर्षं लग्नांचे फोटो काढले आणि एवढ्या वर्षांत कॅमेरा एकदाच पाडला. पण पाडला तो भर हळदीत, थेट हळदीच्या पातेल्यात. मुलीने, ऐश्वर्याने, आपल्या पगारातून साठवून नवा कॅमेरा आणून दिला, तेव्हा आनंदाआधी त्याला धडकीच भरली. हाही पडला तर पोरीला तोंड कसं दाखवायचं?

दुकानातल्या पट्ट्यावर त्याचा भरवसा बसेना. बायकोच्या जुन्या पिवळ्या सुती साडीची त्याने हातभर लांब दोरी वळून घेतली. तिचं एक टोक कॅमेऱ्याला आणि दुसरं आपल्या कमरेच्या पट्ट्याला, चपला शिवणाऱ्याकडून पक्कं शिवून घेतलं. हुक निसटतो, शिवण निसटत नाही, असं त्याचं म्हणणं. मांडवात लोक विचारीत, कॅमेऱ्याला चारापाणी झालं का? दौलत हसून घ्यायचा.

टिटवाळ्याला साकेत आणि हेमांगीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, होम झाला. नवरानवरीचे चेहरे जवळून टिपायला दौलत नवऱ्याच्या बाजूला उकिडवा बसला. सप्तपदीची वेळ झाली तशी गुरुजींनी करवलीला घाई केली. करवली नीरजा, आयुष्यात पहिल्यांदाच गाठ मारत होती. तिने नवरीचा शेला घेतला, नवऱ्याचं उपरणं घेतलं आणि मध्ये लोंबणारं पिवळं काहीतरी होतं तेही घेतलं. दोनदा गाठ मारली आणि जोर लावून आवळली.

साकेत उठला. दौलतच्या हातातल्या कॅमेऱ्याला असा हिसका बसला की तो सुटलाच. जमिनीपासून वीतभर अंतरावर दौलतने तो पोटाशी कवटाळला आणि तसाच गुडघ्यांवर राहिला.

मग हशा पिकला. नीरजा रडवेली होऊन गाठ सोडायला वाकली, तर नवरीची आजी हौसाबाई खुर्चीतूनच गरजली, "हात लावू नकोस. ती गाठ घरी जाऊनच सुटायची."

कमरेचा पट्टा काढावा, तर पँट त्याच्याच आधाराने उभी होती. कोणीतरी दोरी कापायला सुचवलं, पण दौलतने मानेनेच नकार दिला. आता दोरी गेली तर कॅमेरा गेलाच, असं त्याला वाटलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, "चला, तुम्हीही चला. पण तांदळावर पाय देऊ नका."

तर दौलत सात पावलं चालला, नवऱ्याच्या मागून, कॅमेरा छातीशी धरून. तिसऱ्या पावलाला धीर आला आणि त्याने खाली नेम धरून फोटो काढायला सुरुवात केली. तांदळाच्या राशी, मेंदीची पावलं, जोडव्यांवरचं ऊन. इतक्या जवळून त्याने आजवर सप्तपदी टिपली नव्हती.

"काका, पुढचं आणाभाकांचं पण तुम्हीच बोला," साकेत मागे न बघता म्हणाला.

"माझ्या झाल्यात रे घेऊन. तू तुझं बघ."

सगळं आटोपल्यावर घरच्यांचा मोठा फोटो घ्यायचा होता आणि त्यासाठी दहा पावलं मागे जाणं भाग होतं. हातभर दोरीने ते होईना. दौलतने थोडा वेळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग स्वतःच हौसाबाईंपुढे जाऊन दोरी ताणून धरली. आजीने पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला, गाठीच्या दोन्ही बाजूंना चार बोटं सोडून दोरी कचकन तोडली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

दौलत कॅमेरा नुसत्या हातांत धरून मागे गेला. समोर चाळीस माणसं दाटीवाटीने उभी होती, आणि सगळीच श्वास रोखून त्याच्या बोटांकडे बघत होती.

"आजी," दौलत म्हणाला, "माझ्या हातांकडे नको, इकडे काचेत बघा. आणि थोडं हसा, नाही पडत आता."