जुन्या चेसीची डावी बाजू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार मलकापूरच्या मिस्त्रींचे आहेत. त्यांच्या गॅरेजात आम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जुन्या जीपच्या चेसीवर फायबरची बॉडी बसवत होतो. चूक दिसली की मिस्त्री वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून नुसतं "आसं व्हय?" म्हणत. मी चेसीची उजवी बाजू मोजून डावी तशीच धरली होती. बॉडी ठेवली, तर डावीकडची भोकं जुळेनात.

"इंजिनेर सायेब, लय वरसं माळावर आपटलीया ही. दोन्ही अंगं सारखी ऱ्हात्यात व्हय?"

तेवढ्यात मार्क देणारे सर आले. "माप कोणी घेतलं?"

"म्या," मिस्त्री म्हणाले.

"पुढच्या वर्षी दुसरं गॅरेज बघा," सरांनी आम्हाला बजावलं. मी मोजायची टेप खिशात सरकवली.

पास झालो, घरातला पहिला इंजिनिअर. नोकरी लागल्यावर मिस्त्रींना पत्र लिहिलं: "ते माप मी घेतलं होतं, हे आज सरांना सांगितलं. रविवारी त्यांना घेऊन येतोय. त्यांच्यासमोरच तुमची माफी मागायची आहे."