कुकर उतरवणारी अम्मा

तमिळ मुलखातल्या कुलसेकरपट्टिणमच्या दसऱ्याला नवसाची माणसं देवादिकांचं सोंग घेऊन दारोदार भिक्षा मागतात. पेच्चित्ताईच्या नवऱ्याने, सुडलैमुत्तूने, यंदा काळीचं सोंग घेतलं होतं. लेकीला, इसक्कीला, फेफरं यायचं. ते थांबावं म्हणून. गळ्यात व्रताची माळ पडली, तेव्हापासून तो नवरा नव्हता, अम्मा होता, साक्षात देवी.

अंगणात त्याच्या पाठीला लाकडी हात बांधून झाले, तोंडाला रंग लागला आणि आत कुकरने शिट्ट्यांचा सपाटा लावला. पेच्चित्ताई इसक्कीची वेणी घालत होती. सवयीने बोलून गेली, "अहो, एवढे हात आहेत, तर कुकर तरी उतरवा!"

तो उठला. मुकुट सांभाळत, चौकटीला हात अडकवत आत गेला आणि पदरात धरून कुकर उतरवला. इसक्की टाळ्या पिटत हसली. पेच्चित्ताईने फोन काढून टिपलंच: बाहेर लोंबणारी लाल जीभ, मागे त्रिशूळ, पुढ्यात वाफाळता कुकर. फोटो आळीभर फिरला.

संध्याकाळी शेजारच्या वळ्ळियम्मै आजींनी तिला दारातच गाठलं. "फार हसवलंस हो गावाला! पण कामाला कुणाला जुंपलंस, कळतंय का?"

"गंमत केली, आजी."

"गंमत नवऱ्याशी करावी. सध्या नवरा आहे का तो?"

पेच्चित्ताईने फोटो पुसून टाकला. मनातलं काही पुसेना. इसक्की जरा गप्प झाली की फेफरं तर येत नाही ना, म्हणून ही तिचे डोळे बघे. स्वयंपाकघरात काही वाजलं की धावे.

"आई, मी नाही पडले," पोरगी वैतागली, "चमचा पडला!"

दुसऱ्या दिवशी भिक्षेचा ढोल तिच्याच दाराशी आला, त्यामागे काळी. ती सुपात तांदूळ घेऊन उभी राहिली. अर्धे उंबऱ्यावरच सांडले. "अम्मा, चुकलं माझं. पोरीला काही होऊ देऊ नकोस."

रंगातून दोन डोळे तिच्याकडे बघत राहिले. "डाळ शिजली होती ना?"

आवाज ओळखीचा होता. पण इतक्या मऊपणाने त्याने डाळीची चौकशी कधी केली नव्हती.

"शिजली होती, अम्मा."

"मग फोटो दाखव."

"पुसला."

"पुन्हा काढ की."

तो उंबऱ्यावर टेकला. इसक्की मांडीवर चढली आणि एक लाकडी हात धरून बसली. पेच्चित्ताईने घाईने फोटो काढला, तो हललेला आला.

ढोल पुढच्या दाराशी गेला, तरी ती तो फोटो मोठा करकरून इसक्कीचे डोळे बघत होती.