लेकीचा सूर, लेकीची खुंटी

मायेला डोळे नसतात म्हणतात, मायबापहो. आणि ही कथा तर जगाला डोळे देणाऱ्या माणसाच्या मायेची, आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्या काकांची.

दुकान एवढेसे, की दोघे आत गेले की तिसऱ्याने दारातच उभे राहावे. काका काचा घासत, फ्रेमी बसवत आणि सैल झालेल्या काड्यांचे बारीक स्क्रू फुकट आवळून देत. गिऱ्हाईक शपथेवर सांगे की आपण स्क्रूला हातच लावला नाही. काका हसत. "हात लावावा लागत नाही हो. तो आपला आपण सैल होतो."

लेक एकुलती एक. अखंड बडबड, म्हणून घरात तिचे नाव टिटवी. आवाज जाडसर, काकू म्हणत, देवाने घाईघाईत हिला बापाचा गळा बसवला. टिटवी गिटार वाजवी. इस्पितळात जायच्या सकाळी तिने नेहमीप्रमाणे सर्वांत जाड तार आपल्या गळ्याशी जुळवली आणि बापाला शेजारी बसवून शिकवले: ही तार दांडीवरच्या पट्ट्यांमधल्या पाचव्या घरावर दाबायची, जो सूर निघेल तो शेजारच्या तारेचा, तसेच पुढे जायचे, फक्त एका तारेला चौथे घर.

"मी येईपर्यंत तारा उतरू देऊ नका, बाबा."

ती आली नाही.

काकांनी शब्द पाळला. दुकान मिटले की हात धुवावेत, गिटार मांडीवर घ्यावी, जाड तारेवरून बाकीच्या पाच जुळवाव्यात, आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवावी. वाजवणे त्यांना येत नव्हते. जाड तारेच्या खुंटीला मात्र कोणी शिवायचे नाही, कारण तिच्यावर लेकीचा शेवटचा हात. काकूंचे फडकेसुद्धा ती खुंटी वगळून फिरे.

वर्षे गेली. एका दुपारी टिटवीची मैत्रीण भेटायला आली. जुन्या फोनमध्ये तिला एक गाणे सापडले होते. तिने ते लावले, आणि घरात टिटवी गाऊ लागली. त्याच गिटारवर, जाड तार छेडत. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. काकांनी मोठ्या आनंदाने गिटार उचलली आणि लेकीच्या साथीला जाड तार छेडली.

जुळेना. पुन्हा छेडली. लेक वर, तार खाली.

मैत्रीण हळूच म्हणाली, "काका, तार उतरलीये. तिच्यामागे सगळी गिटारच उतरलीये."

"कशी उतरेल? त्या खुंटीला कोणी हातच लावलेला नाही."

बोलून गेले आणि काका थबकले. हे वाक्य ते जन्मभर गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकत आले होते. रोज, इमानाने, उतरत्या तारेमागे पाच तारा उतरवत त्यांनी लेकीचा सूर स्वतःच्या हातांनी घालवला होता.

आता खुंटी जपावी तर सूर जातो, सूर आणावा तर लेकीचा हात पुसला जातो. मैत्रीण म्हणाली की राहू द्या तशीच.

तेव्हा काकू बोलल्या. "पोरीने तारा सांभाळायला सांगितल्या होत्या हो. खुंटी नव्हती सांगितली."

काकांनी खुंटी धरली, बोटे वळेनात. काकूंनी त्यांच्या बोटांवर आपली बोटे ठेवली. गाणे पुन्हा लागले. खुंटी करकरली, तार चढत चढत गेली आणि लेकीच्या गळ्याला जाऊन मिळाली. एक सूर, देवाघरचा आणि या घरचा.

गाणे संपले. तार थोडा वेळ एकटीच वाजत राहिली. काकांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि ते लहान मुलासारखे रडले.

बाकीच्या पाच तारा त्या दिवशी कोणी जुळवल्या नाहीत.