पिस्टनचा जबाब

"धुशील तर खबरदार! याचा जबाब व्हायचा आहे अजून!"

लाखनीच्या हमरस्त्यावरच्या गॅरेजात हाताखालच्या पोरावर मिस्त्रीची ही आरोळी उठली की समोरून जाणारे ट्रकसुद्धा दचकून गिअर बदलायचे. इतर गॅरेजांत इंजिन खोललं की पिस्टन आधी मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलमध्ये, बुडवतात आणि मग बघतात. आमचा मिस्त्री मळकट, काजळी धरलेले पिस्टन तसेच सुपात मांडायचा. धान पाखडायचं साधं सूप, त्यात पेपर, त्यावर चार पिस्टन ओळीनं, एक नंबर उगवतीकडे. मग खाटेवर मांडी घालून एकेक उचलायचा, उन्हात धरायचा, हुंगायचा आणि शेवटी उजव्या अंगठ्याचं नख त्याच्या अंगावरून हळूच ओढायचा. नख सरकत गेलं तर मान डोलवायचा. नख अडकलं की डोळे मिटायचा. तेवढ्यात गाडीचा मालक खिसा चाचपू लागे.

त्याचं नाक काय सांगू! साकोलीला कोणी डिझेलमध्ये मातीचं तेल मिसळलं तर याला लाखनीत शिंक यायची. तुम्ही हसाल. हसा. मी थोडं वाढवतो, ती माझी जुनी खोड आहे. पण नखाचं मी बोटभरही वाढवत नाही.

एकदा आसगावचा एक शेतकरी जुनी जीप घेऊन आला. इंजिन जाम. "उभ्या उभ्या बंद पडली जी, काहीच केलं नाही मी," असं शपथेवर सांगत होता. मिस्त्रीनं चार नंबरचा पिस्टन फिरवून पाहिला. चारी अंगांनी खरचटलेला.

"खळ्यात जीप गोल गोल फिरवून धान चुरलं ना तू?"

"कोणी सांगितलं तुमाले?" शेतकरी उडालाच.

"यानं," मिस्त्री पिस्टन त्याच्या नाकासमोर नाचवत म्हणाला. "भुसा गेला रेडिएटरच्या जाळीत, हवा बंद, पाणी उकळलं, मंग हा फुगला आन् चारी बाजूनं घासला. बैलानं तरी तहान लागली म्हणून मान टाकली असती बाप्पा! हा बिचारा बोलते कोठी?"

तो शेतकरी पिस्टनकडे असा पाहत राहिला, की मला वाटलं आता हात जोडतो.

आता माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो. मी गावातल्या डॉक्टरांच्या जुन्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. घरी बायको, दोन पोरी, आणि माझ्याकडे दुसरा कुठलाही हुन्नर नाही. होळीच्या सुमाराला डॉक्टरांना एका खेड्यातून परत आणताना इंजिनात खडखड सुरू झाली, जणू कोणी आत बसून लोखंडी खलबत्त्यात सुपारी कुटतंय. मग धूर, मग एक कचका, आणि गाडी उभी. एका बैलजोडीनं आम्हाला मिस्त्रीच्या दारात ओढत आणलं. अख्खी लाखनी बघायला लोटली होती. म्हणजे असतील पंधरावीस जण.

डॉक्टर खाली उतरले ते लाल होऊन. "यानं तेल पाहिलंच नसणार. मिस्त्री, तुम्ही खोला. याची चूक निघाली तर हा उद्यापासून घरी."

"देवाशपथ साहेब, सकाळीच काडी काढून तेल पाहिलं होतं," मी म्हणालो.

खोटं होतं ते. आठ दिवस मी बोनेट उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांच्या आणि कालच्याच गर्दीच्या समोर इंजिन खोललं. चार पिस्टन सुपात आले. डॉक्टर खुर्चीवर, मी खांबाला धरून. एक, दोन झाले, नख सरकत गेलं. तीन नंबर हातात घेतला आणि मिस्त्रीचं नख अडकलं. पिस्टनच्या कुशीला चांगला खोल चरा पडला होता. त्यानं डोळे मिटले, ते बराच वेळ उघडलेच नाहीत. मग उठून त्यानं इंजिनाच्या खालच्या चेंबरमधलं तेल फडक्यातून गाळलं. फडक्यावर तारेचा एक वाकडा तुकडा राहिला, नखाएवढा.

मी मनातल्या मनात पोरींना घेऊन सासुरवाडीची वाट धरली होती.

"डॉक्टरसाहेब, मागच्या पोळ्याले हे इंजिन कोणी बांधलं होतं?"

"तुम्हीच की."

"मंग हा माझंच नाव घेऊन राहिला," मिस्त्री म्हणाला. "पिस्टनच्या पिनेले दोन्हीकडून तारेचं लॉक राहते. खोललं की ते नवंच टाका लागते. मी एक जुनंच टाकलो. चांगलं दिसलं मले. ते निघालं, पिन सरकली आन् सिलिंडरले नांगरत गेली. तेलाची यात काही बात नाही. ड्रायव्हरची चूक नाही."

गर्दीतला एक जण खिदळला, "मिस्त्री, कोण पाहाले आलं होतं? सांगून द्यायचं तेल कमी होतं म्हणून!"

"तूच बस मंग सुपापाशी," मिस्त्री त्याच्याकडे न बघता म्हणाला.

जाताना डॉक्टरांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, बस्स.

ते गेल्यावर मिस्त्रीनं मला जवळ बोलावलं. "तेल पाहिलं होतंस काय गा?"

"नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे मले. बोनेटच्या कडीवर आठ दिवसाची धूळ होती. पण ते पिस्टनच्या जबाबात नव्हतं, म्हणून बोललो नाही. उद्यापासून पाहत जाजो."

इंजिन त्यानं पुन्हा बांधलं. तीन नंबरचा तो पिस्टन मात्र दारातल्या कडुलिंबाला तारेनं टांगला. इतर मिस्त्री दारावर टायर टांगतात. कोणी विचारलं, "हा कोणत्या गाडीचा जी?" की मिस्त्री म्हणे, "गाडीचं सोड, काम माझं आहे." पुढे दहा वर्षं मी त्या झाडाखालून गेलो आणि दहा वर्षं रोज सकाळी तेलाची काडी काढून पाहिली. यातही वाढवलेलं काही नाही.

मिस्त्री गेला तेव्हा मी डॉक्टरांबरोबर नागपूरला होतो. तेराव्या दिवशी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्या हातात ठेवलं.

"तुमची आठवण काढत होते. हा तुमाले द्या म्हणत होते. झाडावर लय काळा पडला होता जी, म्हणून राखेनं घासून चकचकीत केला."

पिस्टन तांब्याच्या गडव्यासारखा लखलखत होता. काजळीचा ठिपकाही उरला नव्हता. मिस्त्री असता तर त्याच्या आरोळीनं घराच्या छपराची कवेलू उडाली असती. मी म्हणालो, "छान केलं वहिनी."

घरी येताना वाटेत थांबून मी त्याच्या अंगावरून अंगठ्याचं नख ओढलं. सरकत गेलं, सरकत गेलं, आणि अडकलं.