उसाकडच्या बाजूचा झरा

जलात वास करणाऱ्या श्रीनारायणास वंदन करून हे लिहितो. आज देवळाशेजारच्या विहिरीचा गाळ उपसण्यास आरंभ झाला. त्या निमित्ताने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या वर्षांतील एक उन्हाळा आठवला.

कालव्याचे पाणी पाथरीकडे आले आणि विहिरीलगतच्या चढावर आमच्या गावच्या पाटलांनी ऊस लावला. पाटाच्या तोंडाशी युरियाचे पोते फाडून ठेवायचे, म्हणजे वाहते पाणीच खत सरीसरीत नेते, अशी त्यांची रीत. श्रम वाचत, उरलेले पाणी उताराने विहिरीच्या अंगास मुरे.

त्या वैशाखात विहीर हिरवी पडली, पाण्याला वास येऊ लागला. बौद्ध वस्तीतील माणसे नुकतीच तेथे पाणी भरू लागली होती, आणि दिवस तर एकमेकांकडे तिरप्या नजरेने पाहण्याचे. पाटील मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, त्यायनंच कायतरी टाकलंय. तुमी एकदा पाणी बाटलं म्हना, उद्यापासून त्यायची दोरी बंद."

माझ्या एका शब्दावर साऱ्या वस्तीचे पाणी तुटणार होते. तो शब्द पाटलांना इतक्या घाईने का हवा, हा संशय मनातून जाईना.

"आधी पाहू," मी म्हणालो. भर दुपारी सर्वांसमक्ष आरसा आणविला आणि उन्हाचा कवडसा विहिरीत पाडला. तीन बाजूंचे दगड स्वच्छ होते. उसाकडच्या झऱ्याखाली मात्र हिरवेगार शेवाळ लोंबत होते.

"शेवाळ काय, कुठंबी येतं," पाटील पुटपुटले.

वस्तीतील एक म्हातारी कठड्यावरून वाकून पाहत होती. "व्हय की मालक! आमीच आत उतरून तुमच्याच झऱ्याला चिटकवून गेलो आसंल!"

लोक हसले. पाटील हसले नाहीत.

"पाणी कोणाच्या स्पर्शाने बाटलेले नाही," मी म्हणालो. "ज्या खतावर ऊस पोसतो, त्यावरच हे शेवाळ पोसले आहे."

त्यानंतर गावाने ऊस व विहीर यांमध्ये चर खोदविला. पाटात पोते ठेवणे थांबले. खत मुठीने उसाच्या बुडाशी देऊन मातीआड केले जाऊ लागले. पाणी निवळण्यास पावसाळा सरावा लागला. तोवर पाटलांचा गडी वस्तीच्या घागरींवर डोळा ठेवून बसे, आणि मी प्रातःसंध्या आटोपून पाटाच्या तोंडाशी फेरी मारून येई. विश्वास दोघांनाही नव्हता. वस्तीची दोरी मात्र विहिरीवरून कोणी काढली नाही.

वाचकहो, आपल्या घरचे पाणी निर्मळ राहो, लेकराबाळांस आयुरारोग्य लाभो, आणि आपल्या दारी आलेल्या तहानलेल्यास आधी जात सांगावी न लागो.