पाय सैल सोड, क्लॅरी

क्लॅरी पॉबजॉय माझ्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या खुर्चीत दिसला की मी मनात म्हणायचे, आलं हे ध्यान! वेळ अकराची, स्वारी दहालाच हजर.

अठ्ठावन्न वर्षांचा गडी. आमच्या गावच्या गव्हाच्या कोठारावर तीस वर्षं राबला. लग्न केलं नाही, आई गेल्यापासून घरात एकटाच. शनिवारी मात्र साहेब आमच्या इकडच्या लांबट चेंडूच्या फुटबॉलच्या मैदानावर सीमारेषेचे पंच! चेंडू रेषेबाहेर गेला की मैदानाकडे पाठ करून तो डोक्यावरून मागे भिरकावायचा आणि पुन्हा पळत सुटायचं. ह्या पळण्यापायीच टाचेवरची घोडशीर सुजली. मे महिन्यात मी सोनोग्राफी केली तेव्हा शीर चांगली जाड झालेली, आणि आत नको तिथे नव्याने उगवलेल्या रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके लुकलुकत होते.

आता सप्टेंबर. शनिवारी अंतिम सामना. पंचांच्या प्रमुखाने बजावलं होतं, सोनोग्राफी चांगली आली तरच पळायचं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"छे! ठणठणीत."

तो पालथा झोपला, पावलं टेबलाबाहेर. मी जेल लावलं, यंत्र टेकवलं. शीर अजून जाडच होती, पण लाल ठिपका एकही नाही. मला मेलीला आनंदच झाला. मग नजर पावलाकडे गेली. बोटं नडगीकडे खेचलेली, पोटरी लाकडासारखी कडक, आणि पाय थरथरतोय.

"क्लॅरी, पाय सैल सोड."

"सैलच आहे की."

"मला शिकवतोस? बावीस वर्षं लोकांच्या टाचा बघतेय मी! पाय ताणला की आतलं रक्त थांबतं, लाल दिसत नाही, हे मागच्या वेळी मीच तुला सांगितलं ना? आता मलाच बनवतोस होय रे? सोड म्हणते ना!"

सोडेना. असा संताप झाला माझा! त्याच्या तळव्यावर हात ठेवला आणि थांबले. बऱ्याच वेळाने पाऊल खाली लोंबलं. पडदा लाल झाला.

त्याने मान वळवून पाहिलं आणि तोंड पुन्हा उशीत घातलं.

"शनिवारी चारशे माणसं मला शिव्या घालतात, नोरीन. आंधळ्या म्हणतात, थेरड्या घरी जा म्हणतात. बाकी सहा दिवस मला कुणी काही म्हणतच नाही गं."

मी पडद्याकडे वळले. दिसलं ते सगळं डॉक्टरांसाठी नोंदवलं. खोटं लिहिणं मला जमणार नव्हतं. त्याचा शनिवार गेला, हे त्यालाही कळलं.

जेल पुसायला आम्ही पेशंटच्या हातात टॉवेल देतो. त्या दिवशी मीच पुसायला बसले. दुखरा पाय झाला, मग दुसरा घेतला.

"ह्याला काही लावलं नव्हतंस," तो म्हणाला.

"माहितीये," मी म्हटलं, आणि पुसत राहिले.